अर्धी वाटी पाणी

मूळव्याध म्हटलं की मला आमच्या वाडीतले एक चुलत आजोबा आठवायचे. ओसरीवर बसताना ते सायकलची जुनी ट्यूब गोल करून खाली घ्यायचे, आणि घरात सुरण शिजला की पहिलं पान त्यांचं असायचं. आम्ही पोरं मागून हसायचो. तेव्हा डोक्यात बसलं ते बसलंच, की हा आजार म्हाताऱ्या पुरुषांचा. एकवीस वर्षांच्या बाईचा त्याच्याशी काय संबंध? त्यामुळे मला ती झाली तेव्हा मी तिला ओळखलं नाही. भलतंच काहीतरी समजून सात-आठ दिवस मनातल्या मनात मरत राहिले.

आता माझी मुलगी शाळेत जाते. इतकी वर्षं हे मी कुणाला सांगितलं नाही, कारण विषयच असा की चहा पिताना काढता येत नाही. पण न सांगण्यानेच माझे हाल झाले होते, म्हणून लिहिते. माझं शिक्षण आठवीपर्यंतचं. हायस्कूल नदीपलीकडे होतं आणि घरात माझी गरज होती, एवढंच कारण. आठवीच्या पुस्तकात शरीराचा एक धडा होता, तो आमच्या बाईंनी "घरी वाचा" म्हणून सोडून दिला. घरी कुणी वाचला नाही.

माझं माहेर सावंतवाडीच्याही पुढे, गोव्याच्या हद्दीला लागून. लग्न होऊन मी कांजूरमार्गला आले, एका बैठ्या चाळीत. दीड खोली, वर पत्रा, आत मोरी, आणि संडास चाळीच्या टोकाला, बायकांचे तीन आणि पुरुषांचे तीन. घरात आम्ही तिघं, मी, नवरा आणि सासूबाई. सासरे गिरणीत होते, गिरणी बंद पडल्यावर काही वर्षांनी गेले. सासूबाई मूळच्या मालवणच्या बाजूच्या, पण चाळीस वर्षं मुंबईत काढलेल्या. त्यांचं बोलणं अर्धं मालवणी आणि अर्धं चाळीतलं, आणि रागावल्या की पूर्ण मालवणी.

पहिलं बाळंतपण माहेरी करायचं, ही आमच्याकडची रीत. पण माझ्या सातव्या महिन्यात वडिलांची एक बाजू लुळी पडली. त्यांना उठवायचं, बसवायचं, भरवायचं, सगळं आईवर. ती मला कुठून सांभाळणार? सासूबाईंना हे सांगताना मी पदराचं टोक बोटाला गुंडाळत उभी होते. वाटलं, आता टोमणा येणार. त्या तांदूळ निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "मगे काय झाला? मी असंय मा."

एवढंच. त्या शेवटच्या तीन शब्दांचं ओझं मी पुढे किती वागवलं, ते त्यांना माहीत नव्हतं.

आई फोनवर रडली आणि मग म्हणाली, "हे बघ, त्या करतायत तेच खूप आहे. काही झालं तरी तक्रार करू नको. सगळं आपल्याकडून व्हायला हवं होतं, ते त्या करतायत." मी हो म्हटलं. आईला दिलेला शब्द म्हणून नव्हे, मला तसंच वाटत होतं. परक्या मुलीचं मळलेलं धुणारी सासू मी आमच्या अख्ख्या वाडीत पाहिली नव्हती.

मुलगी झाली. खाली टाके पडले. चौथ्या दिवशी घरी आले आणि सासूबाईंनी मला ताब्यात घेतलं. खाटेखाली शेगडी, तिच्यात ओवा आणि बाळंतशेपा. सकाळी डिंकाचा लाडू, दुपारी अळिवाचा, संध्याकाळी मेथीचा. मऊ भात, त्यावर तुपाची धार, सुक्या खोबऱ्याची लसणीची चटणी. पालेभाजी नाही, ती वातुळ. फळ नाही, त्याने बाळाला सर्दी होते. ताक तर नावही काढायचं नाही. आणि पाणी म्हणजे ओवा घालून उकळलेलं, कोमट, अर्धी वाटी. जेवणानंतर एकदा, आणि मध्ये फारच घसा सुकला तर आणखी दोन घोट.

"जास्त पाणी प्यालं की पोट सुटता," त्या सांगायच्या आणि स्वतःच्या पोटावर थापटी मारायच्या. "माझा बघ. शेवटच्या वेळेक चोरून प्यायलंय, त्याचा हा फळ."

मी हसायचे. तहान लागायची, पण बाळंतिणीला तहान लागते आणि ती सोसायची असते, असं मी लहानपणापासून ऐकलेलं. त्यात दूध पाजायचं. अंगातलं सगळं पाणी त्या चिमुकलीच्या तोंडात जातंय असं वाटायचं.

संडासचं म्हणाल, तर घरी आल्यावर पहिले तीन दिवस मी गेलेच नाही. टाक्यांची भीती. चौथ्या दिवशी गेले. सकाळी तिथे रांग असते, आणि आत कुणी दोन मिनिटं जास्त घेतली की बाहेरून दारावर टमरेल वाजतं. "आटप गं, कामावर जायचंय." मी कुंथत होते, दार वाजत होतं, घाम फुटलेला. न होताच उठून आले. मग ठरवलं, सकाळी जायचं नाही, दुपारी सगळे पांगले की जायचं. सकाळी कळ यायची ती दाबून धरायची. दुपारी कळ नसायची, मग पुन्हा कुंथायचं. दगडासारखं व्हायचं. हा सगळा उलटा कारभार मी स्वतःच्या हाताने, अगदी विचार करून केला.

नवव्या दिवशी दुपारी पाण्याबरोबर लाल दिसलं. थोडंच, पण ताजं, भडक. मी म्हटलं, टाक्याचं असेल. बाळंतिणीला रक्त जातच असतं, त्यातलंच हे, अशी समजूत घातली. पण संध्याकाळपर्यंत मागे असं ठणकायला लागलं की खाटेवर कुशीवरच पडून राहिले. मोरीत धुताना बोट लागलं आणि अंगावर काटा आला. तिथे काहीतरी होतं. वाटाण्याहून मोठं, टणक, गोल, आणि हात लावला की कळ थेट डोक्यात जाणारी. आधी ते तिथे नव्हतं.

माझ्या मनात एकच गोष्ट आली. अंग बाहेर आलं.

आमच्या वाडीत एक बाई होती. चौथ्या बाळंतपणानंतर तिचं अंग बाहेर आलं, असं बायका पदर तोंडाला लावून बोलायच्या. म्हणजे पिशवी जागेवरून खाली सरकून बाहेर येते. ती बाई पाय फाकवून चालायची, तिला घागर उचलू देत नसत. मग ती हळूहळू गोठ्याशेजारच्या पडवीत राहायला लागली. पुढे तिच्या नवऱ्याने दुसरं घर केलं. मी तेव्हा दहा-अकरा वर्षांची. मी तिला लांबून बघायचे, भुताकडे बघावं तशी. आणि आता मोरीत उकिडवी बसून मला वाटलं, झालं, मी ती बाई झाले.

अंग कुठून येतं आणि ही गाठ कुठे आहे, या दोन जागा वेगळ्या, हे आज कुणीही म्हणेल. पण बाळंतपणानंतर खालचं सगळंच सुजलेलं, शिवलेलं, दुखरं असतं. आणि भीती वाटली की माणूस जागा मोजत बसत नाही. आरशात बघायचं तर घरात आरसा एकच, भिंतीवर खिळ्याने ठोकलेला.

सांगायचं कुणाला? नवरा गोदामात पार्सलं चढवून-उतरवून थकून यायचा. मला वाकडी पडलेली बघून म्हणायचा, "काय झालं?" मी म्हणायचे, "काही नाही, पाठ आखडली." आईला सांगितलं तर ती तिथे जिवाला घोर लावून घेईल. आणि सासूबाईंना कसं सांगायचं? त्या पहाटे उठून माझं पाणी तापवत होत्या, माझे कपडे धूत होत्या. त्यांनी एवढं केल्यावर मी म्हणणार, की आई, तुमची सून आता कामाची राहिली नाही? मला वाटायचं, त्यांनी मला घेतलं ते चांगली धडधाकट म्हणून. मोडलेली वस्तू आहे हे कळलं तर?

म्हणून मी एक शहाणपण केलं. खाणंच कमी केलं. खाल्लं नाही तर जायला लागणार नाही, आणि जायला लागलं नाही तर अंग आणखी बाहेर येणार नाही. भात चार घास खायचा. लाडवाचा एक तुकडा त्यांच्यासमोर तोंडात घालायचा, आणि त्या मोरीकडे वळल्या की उरलेला डब्यात. इस्पितळात पेज न्यायला वापरलेला स्टीलचा डबा होता, तो बाळाच्या दुपट्यांच्या गाठोड्यात ठेवला होता. गावी पाठवायला कुणी मिळालं तर आईला पाठवू, अशीही एक वेडी कल्पना मनात होती. निदान वाया तरी जाणार नाहीत.

बाराव्या दिवशी बारसं झालं. चाळीतल्या बायका जमल्या, घुगऱ्या वाटल्या, पाळणा शेजारणीकडून आणलेला. मला नवी साडी नेसवून पाटावर बसवलं. लाकडी पाट. मी एका मांडीवर सगळा भार टाकून, डावा हात जमिनीला टेकून बसले. वर बघून हसत होते आणि पाठीतून घाम वाहत होता. कुणीतरी म्हणालं, "काय गं, पोज देऊन बसलीस? फोटो काढायचाय का?" सगळ्या हसल्या. मीही हसले. सासूबाई हसल्या नाहीत. त्या माझ्याकडे बघत राहिल्या, पण तेवढ्यात कुणीतरी ओटीचं ताट मागितलं आणि त्या उठल्या.

दूध कमी व्हायला लागलं. हे मला सगळ्यात आधी कळलं, आणि मग मुलीने रडून चाळीला कळवलं. बसून पाजता येत नव्हतं, कुशीवर पडून पाजायला मला नीट जमत नव्हतं, आणि पोटात अन्नपाणी नाही तर दूध येणार कुठून? सासूबाईंनी त्यावर त्यांचं औषध काढलं, अळिवाचा लाडू दिवसाला दोन. डबा भरत चालला.

पंधराव्या दिवशी दुपारी मला डोळा लागला होता. जागी झाले ती सासूबाईंच्या आवाजाने. त्या बाळाच्या अंथरुणावरून मुंग्या झटकत होत्या. भिंतीवरून रांग आली होती, तांबड्या, चावऱ्या. मुलगी त्यांच्या खांद्यावर. एका हाताने त्यांनी गाठोडं ओढलं, दुपटी झटकली, आणि डबा घरंगळून झाकण उघडलं. नऊ-दहा लाडू, एकाचा एक घास घेतलेला, दुसऱ्याचे दोन.

मला वाटलं आता घर डोक्यावर घेतील. त्यांनी आधी मुलीचं अंग न् अंग तपासलं, मुंगी कुठे चिकटली नाही ना. मग तिला माझ्याजवळ ठेवलं. मग डबा उचलून मोरीच्या कठड्यावर ठेवला आणि त्यातल्या मुंग्या बोटाने एकेक काढायला लागल्या. काढता काढता म्हणाल्या, "लाडू आवडत नाय तर सांगूचा होता. मी काय मारतंय तुका?"

"तसं नाही, आई."

"माझ्या हाताक चव नाय?"

"आई, नाही हो."

"मगे काय तर आवशीच्या हातचे होये होते."

 त्या क्षणी सांगता आलं असतं. सांगितलं नाही. त्या बाहेर पायरीवर जाऊन लसूण सोलत बसल्या आणि दिवे लागेपर्यंत आत आल्या नाहीत. त्या दिवशी संध्याकाळी माझ्यासमोर ताट आलं, पण लाडू आला नाही. लाडवाची मला किती भीती वाटायची, आणि तो आला नाही तर मी उशीत तोंड घालून रडले.

दुसऱ्या दिवशी सकाळी न्हाऊ घालणारी मावशी आली. जुन्नरकडची, उंच, दणकट, तोंडाने फटकळ. कांजूर-भांडुपची निम्मी पोरं आपल्या पायांवर न्हाली, असं तीच सांगायची. ती आधी बाळाला न्हाऊ घालायची, मग मला. तोपर्यंत ती माझी पाठ आणि पाय तेवढे चोळायची, खाली टाके म्हणून मी कमरेचं कापड सोडत नसे. त्या दिवशी सासूबाई दूध आणायला गेल्या होत्या. मावशी म्हणाली, "बस पाटावर." मी उभीच.

"बस म्हणते ना."

मी बसले, आणि बसता बसता तोंडातून आवाज गेलाच.

"टाके सुटले का तुझे?"

"नाही."

"मग बसायला एवढी का भितेस? आठ दिवस बघतेय, कोंबडी अंड्यावर बसावी तशी बसतेस. वळ बघू."

"नको मावशी."

"मी काय पहिल्यांदा बघणार आहे का? सगळ्या बाया एकाच फॅक्टरीत बनल्यात. वळ."

मी वळले. मोरीच्या भिंतीला कपाळ टेकवलं आणि म्हणाले, "मावशी, माझं अंग बाहेर आलंय. आईंना सांगू नका, पाया पडते."

ती खाली वाकली. बोटाने बाजूची कातडी अलगद ताणून बघितली. त्या थोड्या वेळात माझं सगळं आयुष्य झालं, मुलीला कोण बघेल इथपर्यंत. मग ती म्हणाली, "कुणी सांगितलं तुला अंग हे?"

"मलाच वाटलं."

"तुलाच वाटलं. शहाणीच आहेस. अगं, अंग पुढून येतं, हे मागे आहे. कोंब आहे तो मूळव्याधीचा. कुंथून कुंथून आलाय. माझ्या हाताखालच्या निम्म्या बाळंतिणींना येतो, पण सांगत एक नाही."

मी वळून तिच्याकडे बघितलं. मूळव्याध? आजोबांची?

"हसतेस काय?" ती म्हणाली. मी हसत नव्हते, पण चेहऱ्याचं काय झालं होतं कुणास ठाऊक. "हे बघ, मी काही डॉक्टर नाही. मला कोंब वाटतोय म्हणजे कोंबच असेल असं नाही. दवाखान्यात दाखव. त्या गल्लीतल्या, मूळव्याधीवर सुई मारणाऱ्याकडे जाऊ नकोस, एका बाईचं त्याने नासवून ठेवलंय. आणि सासूला तू सांग. मी सांगितलं तर तिला लागेल, की माझ्या आधी हिला कळलं."

ते शेवटचं बोलणं मला लागलं. मी आठ दिवस विचार करत होते तो सांगितल्यावर सासूबाईंना काय वाटेल याचा. न सांगितल्याचं त्यांना काय वाटत असेल, हा विचार केलाच नव्हता.

सासूबाई दुधाची पिशवी घेऊन आल्या. मी अजून ओली, केसांना फडकं. म्हटलं, "आई, लाडू आवडतात मला. मला जायला दुखतं. गाठ आलीय मागे. रक्त पण जातं." एका दमात. त्यांनी पिशवी तशीच ओट्यावर टाकली.

"कधीपासून?"

"बारशाच्या आधीपासून."

त्यांनी कपाळावर हात मारून घेतला नाही की ओरडल्या नाहीत. म्हणाल्या, "आणि त्या पाटावर बसलंस?" आणि लगेच साडी बदलायला वळल्या.

पालिकेच्या दवाखान्यात डॉक्टरीणबाई तरुण होत्या, माझ्याहून फार मोठ्या नसतील. तपासताना सासूबाई पडद्याच्या आत माझ्या डोक्याशी उभ्या राहिल्या. मी सगळ्यात आधी विचारलं, "माझं अंग जागेवर आहे ना?" त्यांनी टाके बघितले, आतून तपासलं आणि म्हणाल्या, "गर्भाशय अगदी जागेवर आहे. टाकेही छान भरतायत." मला त्यानंतरचं काही क्षण ऐकूच आलं नाही.

मग त्यांनी नीट समजावलं. कागदाच्या मागे चित्र काढून. मागच्या तोंडाशी बारीक शिरांचं जाळं असतं, सगळ्यांनाच असतं. गरोदरपणात पोटाचा भार त्यावर येतो, बाळंत होताना जोर लागतो, आणि त्यावर कुंथणं आलं की त्या शिरा फुगतात. आतल्या फुगल्या तर बहुतेक वेळा दुखत नाहीत, नुसतं रक्त जातं. बाहेरच्या फुगल्या तर दुखतात, कारण तिथली कातडी बोटाच्या कातडीसारखीच जागी असते. माझ्या एका शिरेत रक्त गोठून गाठ झाली होती, म्हणून ती निळसर, टणक आणि एवढी ठणकणारी. "पहिल्या दोन-तीन दिवसांत आली असतीस तर छोटा छेद देऊन ती काढता आली असती, लगेच आराम पडला असता," त्या म्हणाल्या. "आता ती आपोआप विरायला लागलीय. कापायची गरज नाही. दोन-तीन आठवड्यांत बसेल. मागे थोडी सैल कातडी राहील कदाचित, तिला घाबरायचं नाही."

मग त्यांनी विचारलं, "खातेस काय?"

सासूबाईंना हा प्रश्न आवडला. त्यांनी सांगायला सुरुवात केली. डिंक, अळीव, मेथी, खारीक, तूप, खोबरं. स्वतः कुटलेलं, विकतचं काही नाही. बोलताना त्यांचा चेहरा उजळला होता. डॉक्टरीणबाई ऐकत होत्या. मग म्हणाल्या, "आणि पाणी किती पितेस?"

मी सासूबाईंकडे बघितलं नाही. पटकन म्हटलं, "मीच पीत नाही. मला आवडत नाही पाणी."

हे खोटं बोलताना मला काही वाटलं नाही, उलट बरं वाटलं. त्यांच्यासाठी एवढं तरी करता येतंय. डॉक्टरीणबाई लिहायला लागल्या. तेव्हा माझ्या शेजारून आवाज आला, "खोटा सांगता ती. मीच देत नाय. अर्धी वाटी देतंय. आमच्यात असाच करतत."

डॉक्टरीणबाईंनी पेन थांबवलं. मला वाटलं आता या बोलतील, अडाणीपणा वगैरे काहीतरी, आणि मी त्यांच्या वतीने भांडायला तयार होऊन बसले होते. पण त्या एवढंच म्हणाल्या, "आजी, लाडू उत्तम आहेत. चालू ठेवा, दिवसाला एक. फक्त पाजणाऱ्या बाईला पाणी लागतं. तहान लागेल तेव्हा, लागेल तेवढं. आणि भाजी, पेरू, पपई, डाळ. तिचं पोट मऊ राहिलं की हे बरं होईल, आणि दूधही वाढेल."

"पोट सुटणार नाय?"

"पाण्याने नाही सुटत."

सासूबाईंनी मान हलवली. पटलं म्हणून नव्हे, ऐकलं म्हणून.

औषधं थोडीच होती. वर लावायचं मलम, पाजणाऱ्या बाईला चालेल अशी दुखण्याची गोळी, आणि झोपताना पाण्यातून इसबगोल. बाकी सगळं आपल्या हातातलं. टबमध्ये कोमट पाणी घेऊन दिवसातून तीन वेळा दहा-पंधरा मिनिटं बसायचं. कढत नको, आणि शेगडीचा शेक त्या जागेला अजिबात नको. कळ आली की लगेच जायचं, दाबून धरायचं नाही, आत बसून राहायचं नाही, जोर करायचा नाही. रक्त वाढलं, ताप आला, पू झाला किंवा दुखणं कमी होण्याऐवजी वाढलं तर थांबायचं नाही, सरळ यायचं. "आणि पुन्हा कधी रक्त दिसलं तर मूळव्याधच असेल असं धरून घरी बसायचं नाही," त्या म्हणाल्या. "दाखवायचं."

परत येताना रिक्षा केली. मुलगी सासूबाईंच्या मांडीवर. मी दोन्ही हातांवर भार देऊन अर्धवट उचललेली, प्रत्येक खड्ड्याला डोळे मिटत होते. त्या बाहेर बघतच म्हणाल्या, "चार बाळंतपणा झाली माझी. चारी वेळा अर्धी वाटी. घशाक कोरड पडायची गो. सुपारीचा खांड तोंडात धरून बसायचे मी, थुंकी येऊक होयी म्हणून." आणि मग, "माझी सासू मोरीतल्या पिंपाक झाकण लावून वर पाटा ठेवायची."

 मी त्यांच्या हातावर हात ठेवला. त्यांनी तो काढला नाही, पण मुलीचं टोपरं सारखं करायचं निमित्त काढून थोड्या वेळाने सोडवून घेतला.

त्यांनी चूक झाली असं कधी म्हटलं नाही. त्या उतरल्या त्या थेट नाक्यावरच्या प्लास्टिकवाल्याकडे गेल्या आणि निळा, पसरट टब घेऊन आल्या. मोरीला पडदा नव्हता, तिथे जुनी साडी बांधली. दिवसातून तीनदा त्या कोमट पाणी ओतायच्या, आपलं कोपर बुडवून बघायच्या, बाळाच्या पाण्याला बघतात तसं, आणि साडीबाहेर पाठ करून बसायच्या. शेजारीण आली की म्हणायच्या, "मगे ये, आंघोळ करता ती." त्या पाण्यात बसल्यावर पहिल्यांदा जो आराम पडला, तो मला अजून आठवतो. आठ दिवस मुठीसारखं आवळून धरलेलं अंग हळूहळू सुटत गेलं.

संडासच्या रांगेचाही बंदोबस्त त्यांनी केला. मला कळ आली की, सकाळ असो की काही, त्या माझ्याबरोबर यायच्या आणि दाराला पाठ लावून उभ्या राहायच्या. कुणी टमरेल वाजवायला आलं तर म्हणायच्या, "दुसऱ्या दारात जा. ह्या बिघडलाहा." आत मी, बाहेर त्या, आणि हे खोटं ऐकून मला हसू यायचं. हसताना कुंथता येत नाही, हेही एक औषधच म्हणायचं.

लगेच बरं झालं नाही. चार-पाच दिवस प्रत्येक वेळी भीती वाटायची. एकदा पुन्हा लाल दिसलं आणि मी घाबरून हाक मारली, पण ते थोडंच होतं, थांबलं. आठवड्याने गाठ मऊ लागली. मग लहान. शिजलेल्या मुगाची भाजी, पपईच्या फोडी, चवळीचा पाला, असं काय काय ताटात यायला लागलं. बाळाला सर्दी झाली नाही. झाली असती तर सगळं पुन्हा बंद झालं असतं, याची मला खात्री आहे. लाडू रोज एक. तो त्या माझ्या हातात द्यायच्या आणि संपेपर्यंत समोर बसायच्या.

आईला मी महिन्याभराने फोनवर सांगितलं. ती आधी रागावली, त्यांना कशाला त्रास दिलास म्हणून.  मग हळूच विचारलं, "त्या कोमट पाण्यात मीठ घालायचं का काही?" मी म्हटलं, नुसतं पाणी. ती म्हणाली, बरं. का विचारतेस, हे मी तिला विचारलं, आणि ती म्हणाली, सहज. पुढच्या वेळी गावी गेले तेव्हा मी तिला सहज म्हणून सोडलं नाही, सावंतवाडीच्या दवाखान्यात घेऊन गेले.

पण ते नंतरचं. दवाखान्यात जाऊन आल्यानंतरच्या तिसऱ्या आठवड्यातली एक दुपार सांगते. मुलगी रडत उठली, सासूबाई उंबऱ्यात बोंबील साफ करत बसलेल्या, त्यांचे हात माशाचे. मी दांडीवरचे कपडे काढत होते. तशीच धावले, तिला उचललं आणि पाजायच्या घाईत जमिनीवर मांडी घालून धपकन बसले.

बसल्यावर लक्षात आलं की आपण काय केलं. मी श्वास धरून राहिले. सासूबाईंचाही विळीवरचा हात थांबला. दोघी वाट बघत होतो, आता येईल कळ, आता येईल. मुलीने तोपर्यंत तोंडात घेतलं होतं आणि घटाघटा प्यायला लागली होती. दूध एवढं होतं की तिच्या हनुवटीवरून ओघळत होतं.

"दुखला?" सासूबाईंनी विचारलं.

"नाय," मी म्हटलं.

त्यांनी आणखी थोडा वेळ माझ्या चेहऱ्याकडे बघितलं, मी खरं बोलतेय का ते. मग पुढचा बोंबील उचलला.